ठिणगीला, बेलच्या बोर्डाबद्दल

१२ जानेवारी

ठिणगी,

फोन उचलत नाहीस. ठीक आहे, तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. पण पत्राचं एक बरं असतं, ते "नंतर बोलू" म्हणून मधेच तोडता येत नाही. फाडता येतं. पण फाडण्याआधी माणूस वाचतोच, एवढं मला कळतं.

घाबरू नकोस. "परत ये" म्हणायला हे पत्र नाही. चिरंजीवांचा निरोप नाही, यांचा निरोप नाही. काम आहे म्हणून लिहितेय. निव्वळ तांत्रिक काम.

तू जाण्याआधी यांच्यासाठी ती दिव्यांची बेल जुळवून दिली होतीस ना, खाली दुकानाच्या दारात बटण दाबलं की वर यांच्या खुर्चीसमोर लाल दिवे उघडझाप करतात ती? ती आज चालते, उद्या रुसते. त्या भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डावर तू वायरी नुसत्या खोचून ठेवल्या होत्यास. "आई, हे तात्पुरतं आहे, आपण पक्का बोर्ड करून मागवू," म्हणाली होतीस. मग आपल्या घरात जे व्हायचं ते झालं आणि तात्पुरतं तसंच राहिलं. आता झाडू लागला की वायर निघते. कोणी जोरात शिंकलं तरी निघते असा माझा संशय आहे.

परवाची गंमत ऐक. मी बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या. यांनी आतून कडी लावलेली. बटण दाबतेय, दाबतेय, दिवे कसले लागतायत! बाहेरच्या जिन्यावरून मला खिडकीतून यांचं टक्कल दिसतंय, समोर पेपर, तंगड्या स्टुलावर. मी हाका मारल्या, दार बडवलं. छापखान्यातल्या यंत्रांनी यांचे कान खाल्ले आणि कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये आराम करतंय, तुला ठाऊकच आहे. शेवटी समोरच्या केशकर्तनवाल्याने शिडी लावली, खिडकीतून हात घातला आणि यांच्या खांद्याला टोचलं. हे असे काही ओरडले की तो बिचारा शिडीवरून पडता पडता वाचला. आणि दार उघडून मला काय म्हणावं? "तू बेल वाजवलीच नसशील."

चिरंजीवांना सांगितलं, तर म्हणाले, "आई, बाजारात तयार बेल मिळते." म्हटलं, तयार कपडेही मिळतात, म्हणून मी शिवणाचं दुकान बंद केलं का?

तर बोर्ड मागवायचा आहे. तुझा जुना लॅपटॉप इथेच आहे, आणि तू शिकवलेलं निम्मं माझ्या डोक्यात आहे. तुझ्या वायरी बघून बघून मी जोडणीचा नकाशा काढलाय, सोबत घातलाय. चुका दाखव म्हणजे झालं. बाकी काही लिहावंसं वाटत नसेल तर नको लिहूस.

तुझी,
दुकानातली


४ फेब्रुवारी

ठिणगी,

पोचलं! पाकीट पोचलं!

एक अक्षर लिहिलं नाहीस. माझाच नकाशा परत, त्यावर पेन्सिलने तीन गोल आणि एका गोलाशेजारी एक प्रश्नचिन्ह. पण प्रश्नचिन्ह तुझंच. तू ते आकडीच्या हुकासारखं काढतेस, खाली टिंब द्यायला विसरतेस. मी ते दिवसभर दुकानात टेबलावर ठेवलं होतं. एका बाईने विचारलं, हे कसलं डिझाइन? म्हटलं, ब्लाउजचं नाही, तुम्ही उभ्या राहा, माप घेऊ द्या.

तिन्ही चुका कळल्या. दिव्याच्या अलीकडे रेझिस्टर घालायचा राहिला होता, तो घातला. बॅटरीची वायर उलटी दाखवली होती, ती सरळ केली. तिसऱ्या गोलात मला काही चूक दिसेना, मग चष्मा पुसला, मग दिसली.

मला आता या कामाची गोडी लागली आहे, हे लपवून काय उपयोग. तू शिकवायचीस तेव्हा मी नुसती "हं, हं" करायचे आणि टाचण्या धरल्यासारखं तोंड मिटून बसायचे. आता कळतंय की ब्रेडबोर्ड म्हणजे आमचे कच्चे टाके. अंगावर घालून बघायचं, बसलं तर पक्की शिवण मारायची. पक्की शिवण म्हणजे बोर्ड. एवढं सोपं तू तेव्हा का नाही सांगितलंस? तुम्ही शिकलेल्या मुली सोप्याला अवघड करून सांगता.

बोर्डवाल्यांचं मात्र अजब आहे. मला हवा एक, ते पाचाच्या खाली करतच नाहीत. म्हटलं, एक कोट मागितला तर पाच कोट गळ्यात मारणारं दुकान मी चालवलं असतं, तर लोकांनी मला मारलं असतं. आणि रंग! हिरवा, निळा, लाल, काळा, पांढरा, जांभळा. मला रंग निवडायला सांगू नये, तुला माहीत आहे, त्यात माझी अख्खी सकाळ जाते. यांना विचारलं. कान नाहीत पण मतं आहेत. म्हणाले, "काळा. मळत नाही." जसं काही बोर्ड घालून हे फिरायला जाणार आहेत. मी जांभळा घेणार आहे.

दुकान बंद केल्यावर आपण दोघी त्या कापायच्या टेबलावर बसायचो ना, एका टोकाला मी काज करतेय, एका टोकाला तू डाख देतेयस, मधे चहा? त्या डाखाचा वास पहिले आठ दिवस माझ्या डोक्यात जायचा. आता संध्याकाळी तो वास येत नाही, तर टेबल मोठं वाटतं. मी माझं सामान तुझ्या टोकापर्यंत पसरून बघितलं. परत आवरून घेतलं.

तुझी,
दुकानातली


२७ फेब्रुवारी

ठिणगी,

आज बोर्डाबद्दल काही नाही. म्हणजे शेवटी थोडं आहे.

काल चिरंजीव जेवायला आले होते. टेबलावर तुझ्या पेन्सिलचा नकाशा पडलेला. त्यांनी उचलला, बघितला, जागेवर ठेवला. जेवले. ताट उचललं. मग म्हणतात, "आई, हे बरं दिसत नाही."

म्हटलं, काय बरं दिसत नाही?

"आमचे घटस्फोटाचे कागद या महिन्यात होतायत. आणि तू तिला पत्रं लिहितेस. तिला काय वाटेल? लोकांना काय वाटेल?"

"लोकांना मी विचारलेलं नाही. तिला वाटलं तर ती सांगेल, तिला तोंड आहे."

"मला काय वाटतं त्याचं काही नाही का?"

मग मी कात्री खाली ठेवली. म्हटलं, बस. सांग, काय वाटतं. तर तो बसला आणि काही बोललाच नाही. असाच आहे तो, तुला मी काय सांगू. लहानपणी दात दुखायचा तेव्हाही असाच बसायचा, गाल धरून, विचारलं की "काही नाही". तुम्ही दोघं कडाकडा भांडला असता तर मी मधे पडून काही केलं असतं. पण तुम्ही एकेक करून गप्प होत गेलात. एक दिवस बघितलं तर घरात चार माणसं आणि बोलणारी मी एकटी. मी कोणाचीच बाजू घेतली नाही, तर दोघांनाही वाटलं, मी दुसऱ्याची घेतली.

जाताना दारात म्हणाला, "तुला ती हवी आहे की मी?"

बघ हा प्रश्न! चाळिशीला आलेला घोडा. म्हटलं, "तू माझ्या पोटचा आहेस. तुला हवा-नको म्हणायची सोय देवाने मला ठेवलेलीच नाही. ती पोटची नाही, म्हणून तिला मला हवी म्हणावं लागतं, आणि मी म्हणणार." तो जिना उतरून गेला. रागावून नाही. खांदे पाडून. मला त्याचंही वाईट वाटलं, तुला काय कळायचं, मला त्या खांद्यांचं माप पाठ आहे.

खरं सांगू, ठिणगी? बेल हे निमित्त आहे. तुलाही ते पहिल्या ओळीपासून कळलं असणार. कागद झाले की तू सून राहत नाहीस. मग मी तुझी कोण? शेजारीणही नाही, इतकी लांब गेलीस. ओळखीची एक शिंपीण? रात्र रात्र हा विचार करते असं नाही, झोप मला छान लागते. पण मापं घेता घेता मधेच आठवतं आणि आकडा विसरायला होतो. मला तू गमवायची नाहीये. झालं. लिहून टाकलं.

बोर्डाचं एवढंच, की आता वायरींच्या वाटा आखायला घेतल्या आहेत. झाल्या की पाठवते, बघून दे.

तुझी,
दुकानातली


२१ मार्च

ठिणगी,

कागद झाल्याचं चिरंजीवांनी सांगितलं. "झालं," एवढंच म्हणाले. मी त्यांना चहा दिला. यांनी विचारलं, "काय झालं?" कोणीच ओरडून सांगितलं नाही, पण त्यांना कळलं. पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तुझ्याकडून गेल्या पत्राचं काही आलं नाही. नको येऊ दे. मी इतकं काही लिहायला नको होतं, की होतं, देव जाणे. पण आता तुला कामाला लावायचा मला काय अधिकार? म्हणून ठरवलं, यापुढे तुला त्रास द्यायचा नाही. बोर्ड माझा मी पुरा केला आणि कालच मागवलासुद्धा! जांभळा. आहेस कुठे!

एकच अडचण आली होती. ती आठ पायांची चिप, जी दिवे उघडझाप करते, तिचा साचा लॅपटॉपवरच्या बोर्ड आखायच्या प्रोग्रॅममधल्या यादीत मला सापडेना. हजारो नावं, त्यातलं एक सरळ असेल तर शपथ. तू असतीस तर दोन मिनिटांत काढून दिला असतास. मग म्हटलं, साचा म्हणजे काय? माप! आणि माप घ्यायला मी कोणाच्या दारात जाऊ? आयुष्य गेलं माझं त्यात. चिप घेतली, पालथी घातली, पोट वर, पाय आभाळाकडे. कोटाचं नीट माप हवं तर कोट उलटा करून शिवण मोजावी लागते, तशी. पट्टी लावली, भिंग लावलं, एकेका पायाला नंबर दिला आणि बघून बघून साचा काढला. कुठे एक केसाचा फरक नाही. यांना दाखवला. म्हणाले, "छान आहे, काय आहे?"

बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत काही लिहिता येतं म्हणे. मी "हळू दाबा" लिहिलंय. गिऱ्हाइकं बटणावर हातोडा मारल्यासारखी बोटं मारतात. बोर्ड असणार डब्यात, वाचणार कोण, हे मागाहून लक्षात आलं.

तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

दुकानातली


१० एप्रिल

ठिणगी,

त्रास द्यायचा नाही म्हणाले होते. तर आता ऐक माझी फजिती.

बोर्ड आले. पाकीट उघडलं आणि मी खुर्चीत बसलेच. काय दिसतात गं! जांभळे, गुळगुळीत, कडा अशा की अस्तर लावल्यासारख्या, भोकांभोवती चकचकीत कडी. मी काढलेल्या रेघा खरोखर तांब्याच्या होऊन आल्या. दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवत होते. केशकर्तनवाला म्हणाला, "काकू, हे तुम्ही केलं?" म्हटलं, मग काय हवेतून पडलं?

संध्याकाळी तुझी डाखणी काढली, एकेक भाग बसवला. रेझिस्टर, दिवे, शेवटी चिप. चिप अशी चपखल बसली की मी स्वतःचीच पाठ थोपटली. बॅटरी लावली. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. म्हटलं, चिप सैल आहे का बघू, म्हणून बोट लावलं आणि "आई गं!" असं ओरडले की यांनाही ऐकू आलं! इतकी तापली होती, बोटाच्या टोकावर चांगला फोड आला.

दुसरा बोर्ड घेतला, नवी चिप. तीही तापली. या खेपेला बोट नाही लावलं, चिमटा लावला. एवढी अक्कल आली. आता दोन चिपा गेल्या, उरलेल्या तीन बोर्डांकडे बघत बसलेय. तुझा नकाशा दहा वेळा ताडून पाहिला. जोडणी सगळी बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तुला दाखवून मग मागवला असता तर काय बिघडलं असतं? पण मानी बाई ना मी. कागद झाले म्हणून रुसले. कागदावर नाही, तुझ्यावर नाही, कोणावर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चिरंजीव कालच आले होते, बोटाची पट्टी बघून म्हणाले, "तयार बेल आणून देऊ का?" त्यांनी हसून म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण मायेने विचारलं, म्हणून मी रडले. आता तो घाबरून गेलाय.

एक बोर्ड सोबत पाठवतेय. आणि एक जळकी चिप, तिची काय दशा झाली ते कळावं म्हणून. काय चुकलं ते सांग. पेन्सिलने गोल काढून पाठवलास तरी पुरे.

तुझी,
दुकानातली


२५ एप्रिल

ठिणगी,

काल एवढं बोललो तरी आज लिहितेय, कारण फोनवर मी निम्मा वेळ नुसती "अगंबाई" म्हणत होते.

तू फोन केलास! दुकानात तीन बायका, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि फोन वाजला. तुझं नाव बघून टाचण्या गिळायच्या बाकी होत्या. आणि तू काय म्हणावं? खुशाली नाही, काही नाही, सरळ: "आई, चिपचं माप घेताना ती पालथी घातली होती ना?" म्हटलं, पत्रात लिहिलंच होतं की. आणि तू जी हसत सुटलीस! वर्ष-सव्वा वर्षाने ते हसू ऐकलं. बायका विचारायला लागल्या, काय झालं, कोण गेलं? कारण माझ्या डोळ्यांना धार. म्हटलं, कोणी गेलं नाही, उलट आलंय.

आता मला नीट कळलं. पोटाकडून मोजलं की डावं ते उजवं होतं. पहिला पाय आठव्याच्या जागी, आठवा पहिल्याच्या. वीज यायच्या पायाला जमीन, म्हणजे तुमचं ते ग्राउंड, आणि जमिनीच्या पायाला वीज. बिचारी तापणार नाही तर काय करणार! म्हणजे मी डावी बाही उजवीकडे जोडली. जन्मभर कोट उलटा करून मोजला, पण कापताना बाजू पलटायची हे हाताला पाठ होतं, डोक्याला कधी विचारलंच नव्हतं. नवशिकी पोरगी दुकानात अशी चुकली असती तर मी तिला दिवसभर बोलून घेतलं असतं. तू एकदाही बोलली नाहीस.

मी म्हटलं, म्हणजे पाचही बोर्ड फुकट. तू म्हणालीस, "फुकट कशाला? चिप वरून नका बसवू, खालून बसवा. बाही बदलायची नाही, कोटच उलटा करायचा." तू म्हणालीस हं हे, माझ्या भाषेत! मी फोन ठेवला, बायकांना उद्या या म्हणून घालवलं आणि बसले.

खालून चिप बसवली, डाख वरून दिला. पण मग बोर्ड डब्यात सपाट बसेना, चिपचं पोट टेकायला लागलं. तर ओव्हरकोटाची मोठी चार बटणं काढली आणि चार कोपऱ्यांना चिकटवली. झाले पाय. बॅटरी लावली, चिमटा नाही, बोट लावून बघितलं. गार! देवाशप्पथ गार!

वर जाऊन यांच्यासमोर दिव्यांचा डबा ठेवून आले, काही सांगितलं नाही. खाली आले, बटण दाबलं. हळू दाबलं. वरून पावलं वाजली. मी जिना चढेपर्यंत कडी निघाली. यांनी दार उघडलं, मला बघितलं, आणि म्हणाले, "तूच आहेस होय. मला वाटलं ठिणगी आली." मग आत वळून दिव्यांकडे बघितलं. हे म्हणाले, "परत वाजव बरं." मी परत खाली गेले. सात-आठ वेळा वाजवली असेल. गुडघे दुखतायत आज.

केशकर्तनवाल्याला त्याच्या आईसाठी एक हवी आहे. चिप उलटी बसवायची हे मी त्याला असं समजावलं, जसं काही मुळात तसंच ठरलेलं होतं.

आणि हो. तू हसत होतीस तेव्हा मागे अजून कोणीतरी हसत होतं. आवाज पुरुषी होता, बरा वाटला. मी काही विचारलेलं नाही. मी विचारलं नाही याची नोंद घे.

तुझी,
दुकानातली


२ जून

ठिणगी,

तुझं पत्र मिळालं. चार पानं! त्यातल्या पहिल्या तीन पानांत तू माफीच मागितली आहेस, ती मी दुसऱ्यांदा वाचली नाहीत. चौथं पान मात्र सोडलं नाही.

खोटं कशाला बोलू, आधी रडले. त्यातलं थोडं आनंदाचं होतं. थोडं चिरंजीवांसाठी होतं, ते मला तुझ्यापासून लपवायचं नाही. आई आहे मी त्याची. कुठेतरी कोपऱ्यात वेडी आशा असते, ती त्या पानाबरोबर संपली. संपली ते बरं झालं. मग तोंड धुतलं आणि यांना सांगायला वर गेले.

हळू सांगावं म्हटलं तर सोय आहे का? "ठिणगीचं लग्न आहे!" "कुणाचं?" "ठिणगीचं!" "काय आहे?" "लग्न!" खाली दुकानात थांबलेल्या दोघींनी "अभिनंदन काकू" म्हणून वर हाक दिली. यांना शेवटी कळलं. मग विचारलं, "मुलगा चांगला आहे?" म्हटलं, तिच्याबरोबर हसतो, एवढं मी ऐकलंय. हे म्हणाले, "मग माझा कोट काढून ठेव. आणि ते कानातलं कुठे ठेवलंयस?" ऐकलंस? ते यंत्र घालणार आहेत! मी इतकी वर्षं डोकं आपटलं, डॉक्टरांनी आपटलं. तुझ्या लग्नात काय बोलतात ते ऐकायचंय म्हणे.

चिरंजीवांना मीच सांगितलं, दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. जेवत होते. हातातला घास ताटात ठेवला, मग उचलून खाल्ला. जेवण झाल्यावर ताट स्वतः घासलं, पुसलं, जागेवर ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "तू जाणार असशील तर तुमची दोघांची तिकिटं मी काढतो. बाबांना खिडकीची जागा लागते." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "ती खूश आहे ना?" म्हटलं, हो. "मग बरं." खांदे पडलेले नव्हते, एवढं सांगते.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, "सह्या करायच्या आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं, एवढंच आहे. त्यांच्याकडून पंधरा-वीस माणसं येतील. माझे आईबाबा म्हणतात, दुसऱ्या लग्नाला आम्ही तोंड दाखवणार नाही. तेव्हा माझ्याकडून कोणी नसेल. चालेल. तुम्हाला बोलवायचा मला हक्क नाही, फक्त कळवतेय."

चालेल म्हणे! न चालायला काय झालं, पण मी का चालवून घेऊ? तुझ्या आईबाबांवर मी रागावणार नाही, त्यांचा राग उतरला की तेही येतील, माणसंच आहेत. पण तोपर्यंत समोर पंधरा-वीस जण उभे आणि तू एकटी, हे मला बघवणार नाही. हक्क नाही म्हणतेस? तुझे आणि चिरंजीवांचे कागद झाले. माझे आणि तुझे कुठे झालेत? मी कशावरच सही केलेली नाही.

तेव्हा आम्ही दोघं येतोय. दोन दिवस आधी, म्हणजे तुझा ब्लाउज अंगावर घालून बघता येईल. बारीक झाली असशील, फोनवर आवाजच तसा येत होता. तू गोंधळून जाऊ नकोस आणि माझी ओळख कशी करून द्यायची म्हणून तोंड पाडून बसू नकोस. त्यांच्यातल्या कोणी विचारलंच की या कोण, तर तू बाजूला हो, मी सांगेन. मागच्या वेळी मी मुलाकडची होते. या वेळी मुलीकडची आहे.

आणि त्या लोकांना आत्ताच कळवून ठेव, मुलीची आई जरा तिखट आहे.